देवीच्या वाटेवरचे चित्रघर

पौष पौर्णिमेला औंधची यात्रा भरते. खटाव, माण, आटपाडी या कमी पावसाच्या मुलखातून माणसे यमाईच्या दर्शनाला येतात. खाली जनावरांचा बाजार भरतो. मूळपीठाच्या देवीला जायचे तर डोंगर चढावा लागतो आणि त्या चढणीवर, अर्ध्या वाटेत, एक संग्रहालय लागते. १९३८ साली औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते उघडले. ज्या वाटेवरून लोक आपल्या पायांनी येणारच होते, त्याच वाटेवर राजवाड्यातली चित्रे येऊन बसली. सातारा-सांगली परिसराच्या कलेच्या इतिहासात याहून मोठा निर्णय शोधून सापडणार नाही.

या भागाला चित्रे नवी नव्हती. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात आणि वाईला रास्त्यांच्या मोतीबागेत भिंतीच्या भिंती रंगवलेल्या होत्या. पेशवाईतले चितारी देवादिकांपासून दरबारापर्यंत सगळे काढत. पण ती चित्रे कोण पाहणार? वाड्याचा धनी, त्याचे पाहुणेरावळे आणि तिथे राबणारी माणसे. सांगलीतही तेच. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ साली पुण्याच्या दरबारात आला आणि त्याने सवाई माधवराव, नाना अशा बड्या मंडळींची तैलचित्रे काढली. त्याचा वारसा आज सांगलीच्या संग्रहालयात पाहायला मिळतो, तो संस्थानिक पटवर्धनांच्या राजवाड्याच्या आवारात. शहराच्या ऐन मध्यवस्तीत असूनही या चित्रांचे पहिले घर राजवाडाच होते.

सामान्य घरात चित्र शिरले ते छापखान्यामुळे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती खेड्यापाड्यांतल्या देव्हाऱ्यांपर्यंत पोचल्या. लोकांना रविवर्मा ठाऊक झाला, पण कागदावरचा. त्याच्या हातचा रंग, कॅनव्हासवर उमटलेला कुंचला पाहायचा तर संस्थानिकांच्या दिवाणखान्यात शिरकाव हवा. औंधने ही अट काढून टाकली. रविवर्म्याची ‘सैरंध्री’ तिथे आजही आहे. कीचकाच्या महाली पाठवलेली, संकोचाने आक्रसलेली द्रौपदी. कीर्तनातून ही कथा शंभरदा ऐकलेल्या बाईला ते चित्र कोणी समजावून सांगावे लागत नाही.

बाळासाहेब स्वतः कीर्तन करत, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. १८६८ साली जन्मलेला हा माणूस डेक्कन कॉलेजात शिकलेला पदवीधर होता. १९०९ साली गादीवर आला. सूर्यनमस्काराचा प्रचारक म्हणून त्याचे नाव इंग्लंडपर्यंत गेले, पण त्याचा खरा जीव चित्रात होता. १९१६ साली त्याचे सचित्र रामायण प्रसिद्ध झाले. १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत त्याने महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे जाहीर केले आणि संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाला त्यातून मोठा आधार मिळाला. १९३२ साली अजिंठ्यावर त्याचे पुस्तक निघाले. कथा सांगताना डोळ्यांपुढे चित्र हवे, ही कीर्तनकाराची गरज या सगळ्या खटाटोपामागे दिसते.

म्हणूनच संग्रहाची निवड एकसुरी नाही. किरातार्जुनीयावरची पहाडी लघुचित्रे आहेत. महादेव धुरंधरांची चित्रे आहेत. बंगाली शैलीचे काम आहे. युरोपातल्या जुन्या थोर चित्रांच्या प्रतिकृती आहेत आणि पाश्चात्त्य शिल्पांच्या प्लास्टरच्या नकला आहेत. ज्याला रोम-फ्लॉरेन्सला जाणे या जन्मी शक्य नाही, त्याने निदान प्रतिकृतीवरून तरी अंदाज घ्यावा, असा त्यात सरळ शिक्षकी हेतू दिसतो. चंदनातले आणि हस्तिदंतातले कोरीवकाम वेगळेच. आणि या सगळ्यात हेन्री मूरचे दगडातले ‘माता आणि बालक’. विसाव्या शतकातला एक थोर इंग्रज शिल्पकार, आणि त्याचे शिल्प माणदेशाच्या शेजारी, एका डोंगराच्या उतारावर! लंडनच्या कलाप्रेमींनाही याचे नवल वाटावे. इथल्या शाळांनी तर दरवर्षी सहल नेऊन मुलांना ते दाखवलेच पाहिजे.

चित्रांची ही ओढ संग्रहालयाच्या भिंतीत कोंडून राहिली नाही. श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात चित्रकार. लाहोरला त्यांचा चित्रांचा व्यवसाय होता. ते १९१८ साली औंधला येऊन राहिले आणि तिथेच त्यांच्या स्वाध्याय मंडळाचे वेदांचे काम उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये गेले होते, पण रंगांतला फरक डोळ्यांना नीट कळेना म्हणून रंग सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. बेळगावातून त्यांना कारखाना हलवावा लागला, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळची निवडुंगाने भरलेली जमीन दिली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. चित्रकार होऊ न शकलेल्या उद्योजकाला चित्रकार राजाने जागा द्यावी, हा योगही या मातीतलाच.

औंध संस्थान एकसंध नव्हते. त्याची बहात्तर गावे सातारा, सांगली आणि विजापूरकडे विखुरलेली होती. आटपाडी त्यातलेच. तिकडचे ग. दि. माडगूळकर शाळेसाठी औंधला राहिले. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही औंधचाच मुलूख आहे, आणि लेखणीइतकीच त्यांची रेघही बोलकी होती. संग्रहालयाने लेखक घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण चित्राला मान देणारा राजा आपल्या गावचा आहे, हे ठाऊक असलेल्या मुलखात ही पिढी वाढली, एवढे नक्की.

१९३८ हे वर्षच त्या संस्थानात विलक्षण होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची आणि युवराज अप्पासाहेबांची धडपड यांतून जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना आली. सत्ता गावपंचायतीकडे आणि चित्रे यात्रेकरूंकडे. हे दोन निर्णय एकाच माणसाने एकाच काळात घेतले, त्यांना वेगवेगळे मानण्याचे कारण नाही.

मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेब गेले. संग्रहालय आज राज्य सरकारच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. औंध मात्र जिथल्या तिथे राहिले. राजधानी गेली, यात्रा उरली. साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा प्रवास करून मुद्दाम चित्रे पाहायला जाणारे थोडेच.

मग शहरांचे काय? साताऱ्यात एसटी स्टँडजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. १९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे तिथे लोकांसाठी मांडली गेली आणि पुढचे काही महिने ती तिथेच होती. तालुक्याच्या कामाला आलेला माणूस, कॉलेजातली मुले, परगावची कुटुंबे या सगळ्यांना ते ठिकाण सोयीचे, कारण गाडीतून उतरले की चालत जाता येते. बाळासाहेबांनी डोंगराची चढण हेरली, कारण त्यांच्या काळी माणूस तिथे जमत होता. आज तो स्टँडवर आणि बाजारपेठेत जमतो.

सातारा, सांगली आणि औंध ही तिन्ही संग्रहालये एकाच संचालनालयाची आहेत. नाजूक मूळ चित्रे हलवण्यात धोका आहे, तो पत्करू नये. पण औंधातल्या निवडक कामाच्या उत्तम प्रतिकृती वर्षातून महिनाभर साताऱ्यात स्टँडशेजारी आणि सांगलीत राजवाड्याच्या आवारात मांडता येतील. स्वतः बाळासाहेबांनीच प्रतिकृतींना आपल्या संग्रहात मानाने जागा दिली होती. पुढच्या यात्रेच्या आधीच्या महिन्यात हे झाले, तर पौर्णिमेला डोंगर चढणाऱ्यांपैकी काही जण मूळ चित्रे पाहण्यासाठी अर्ध्या वाटेवर थांबतील.