कांपेनचे पहिले पंधरा रुग्ण

मंडळी, "त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं," असं आज आपण सहज बोलून जातो. या उपचाराच्या इतिहासातला एक आकडा मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. १७ मार्च १९४३ पासून साधारण सव्वा वर्षात डॉ. विलेम कोल्फ यांनी हॉलंडमधल्या कांपेन या छोट्या गावात १५ रुग्णांवर कृत्रिम मूत्रपिंड वापरून पाहिलं. त्यातला एकच वाचला.

सुरुवात १९३८ची, ग्रोनिंगनची. मूत्रपिंडं निकामी झालेला बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा कोल्फ यांच्या वॉर्डात गेला. कोल्फ तेव्हा तरुण, नवखे डॉक्टर. रोज वीसेक ग्रॅम युरिया रक्तातून काढता आला असता तर हा पोरगा तगला असता, एवढाच त्यांचा हिशेब. मग त्यांना सेलोफेन सापडलं. सॉसेजवर वेष्टण म्हणून चढवतात ना, तेच. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून युरिया बाहेर जातो, रक्तपेशी आणि प्रथिनं आतच राहतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन तोवर हाताशी आलं होतं.

मग युद्ध आलं. जर्मनांनी देश घेतला आणि कोल्फ कांपेनला गेले. तिथल्या एनॅमलच्या कारखान्याचे हेन्ड्रिक बर्क मदतीला आले. लाकडी पट्ट्यांचा आडवा ढोल, त्यावर गुंडाळलेली सेलोफेनची लांबच लांब नळी आणि खाली मिठाच्या पाण्याची टाकी. ढोल फिरत असताना रक्त गळू नये म्हणून जो सांधा लागतो, त्याची कल्पना फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून घेतली.

पहिली रुग्ण २९ वर्षांची, घरकाम करणारी तरुणी. यंत्र चाललं, युरिया उतरला, तिला बरंही वाटू लागलं. पण प्रत्येक खेपेला नवी रक्तवाहिनी कापून उघडावी लागे आणि ती पुन्हा कामाची राहत नसे. बाराव्या खेपेनंतर वापरण्याजोगी वाहिनीच उरली नाही. यंत्र ठीक होतं, वाट बंद झाली होती.

आता त्या वाचलेल्या रुग्णाबद्दल. त्याचं श्रेय यंत्राच्या खाती जमा करायला कोल्फ तयार नव्हते. तो एरवीही वाचला असता, असं त्यांनीच म्हटलंय. पंधरातला एक हातात असताना तोही सोडून देणं! माझ्या मते संशोधक म्हणून त्यांची खरी उंची इथे दिसते. लेखी संमती, एथिक्स कमिटी या गोष्टी तेव्हा रुजलेल्या नव्हत्या. न्यूरेंबर्ग संहितासुद्धा १९४७ची. आजची कमिटी असती तर सहाव्या-सातव्या मृत्यूनंतर हा प्रयोग थांबला असता, आणि ते चूक झालं असतं असंही मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

या अपयशांतून प्रश्नच बदलला. यंत्र चालतं का, यापेक्षा ते कोणाला जोडायचं? ज्यांची मूत्रपिंडं कायमची गेली आहेत, त्यांना चार दिवस मिळतील. पण जी अचानक बंद पडलीत आणि पुन्हा सुरू होऊ शकतात, त्यांना तेवढी सवड पुरते. ११ सप्टेंबर १९४५ रोजी अशी रुग्ण आली. वय ६७, बेशुद्ध. बाई नाझींना साथ दिल्याबद्दल कैदेत होत्या, गावात तर "हिला कशाला वाचवता?" असा सूर. कोल्फ यांनी यंत्र जोडलं. सुमारे ११ तासांनी बाई शुद्धीवर आल्या आणि नवऱ्याला घटस्फोट देणार म्हणाल्या, असं कोल्फच सांगत. नवरा नाझीविरोधी होता म्हणे. बाई त्यानंतर काही वर्षं जगल्या.

पहिल्या तरुणीला जिथे अडलं होतं, ती वाट मात्र १९६०पर्यंत बंदच राहिली. त्या मार्चमध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातावर कायमची बसवली, म्हणजे दर खेपेला वाहिनी कापायला नको. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स पुढे ११ वर्षं जगले. पण यंत्रं मोजकी आणि रुग्ण ढीगभर. तेव्हा कोणाला जोडायचं हे ठरवायला तिथे चक्क सामान्य नागरिकांची समिती बसली. त्या समितीकडे आपण पुढच्या व्याख्यानात वळू.