लंडन स्कूल बोर्डाचा एक उमेदवार : टॉमस हक्स्ली

1870 च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये ‘स्कूल बोर्ड’, म्हणजे करदात्यांनी निवडलेली आणि स्थानिक कर बसवून प्राथमिक शाळा चालवणारी मंडळे अस्तित्वात आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या लंडनच्या पहिल्या निवडणुकीत मेरिलबोन विभागातून प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली उभे राहिले. येथे प्रत्येक मतदाराला जागांइतकी मते असत व ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. या पद्धतीत एलिझाबेथ गॅरेट या महिला डॉक्टर 47,858 मते मिळवून पहिल्या आल्या आणि हक्स्ली बरेच मागे राहून दुसरे.

स्वतः जेमतेम दोन वर्षे शाळेत गेलेल्या हक्स्ली यांची शिक्षणाविषयीची मते मात्र ठाम होती: लेखन, वाचन, गणिताबरोबरच कवायत, चित्रकला, गायन, मुलींसाठी गृहव्यवस्था आणि सर्वांसाठी निसर्गविज्ञानाची मूलतत्त्वे शिकवावीत, असा त्यांचा आग्रह होता. ‘अज्ञेयवादी’, म्हणजे ईश्वराविषयी निश्चित ज्ञान शक्य नाही असे मानणारा, हा शब्द घडवणाऱ्या या गृहस्थांनी शाळेतील बायबलवाचनाला पाठिंबा द्यावा, याचे अनेकांना नवल वाटले. परंतु पंथीय धर्मशास्त्र वगळून केवळ नीती व भाषासौंदर्य यांसाठी ते वाचावे, ही त्यांची अट होती, आणि ती विरोधकांना वाटली तितकी विसंगत नव्हती. बोर्डाच्या अभ्यासक्रम समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. 1872 च्या आरंभी प्रकृती ढासळल्याने त्यांनी सदस्यत्व सोडले.