बर्फ, कोळशाची पाटी आणि व्हरमाँटचा बेंटली

थंडीच्या तोंडावर नवा कॅमेरा घेतला आणि त्याबरोबर अगदी जवळून फोटो काढता येतील अशी मॅक्रो लेन्सही. फुलं, मुंग्या, नाणी सगळं टिपून झालं. मग पहिला बर्फ पडला आणि म्हटलं, आता हिमकण टिपू. काळ्या लोकरी मफलरवर कण झेलायचे आणि फोटो काढायचे, त्यात काय एवढं! पहिल्या संध्याकाळी चाळीसेक फोटो काढले. काही हलले होते, काहींत फक्त मफलरचे धागे स्पष्ट आले होते, आणि बरेचसे कण मी वाकून पाहायला गेलो तेव्हा माझ्याच श्वासाने पाणी होऊन गेले. एकच फोटो बरा आला. तो कापून, मागची बाजू कॉम्प्युटरवर काळी करून घरी पुण्याला पाठवला. आईचा लगेच फोन, "अरे, खरंच असं पडतं का हे आकाशातून?"

ह्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

विल्सन बेंटली ९ फेब्रुवारी १८६५ रोजी व्हरमाँट राज्यातल्या जेरिको ह्या गावी जन्मला. घरची शेती, दुभती जनावरं. शाळेत तो फारसा गेलाच नाही. आई पूर्वी शिक्षिका होती, तिनेच घरी शिकवलं आणि पंधराव्या वर्षी आपला जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती दिला. पोरगा त्याखाली हिमकण ठेवून त्यांची चित्रं काढू लागला, पण चित्र पुरं व्हायच्या आत कण गायब! थंडीत कण वितळला नाही तरी हवेत हळूहळू विरून जातो, टोकं आधी बोथट होतात. तेव्हा कॅमेरा हवा असं ठरलं. कॅमेरा आणि चांगला सूक्ष्मदर्शक मिळून शंभर डॉलर लागणार होते, आणि त्या काळच्या शेतकऱ्याला ही रक्कम म्हणजे केवढी! वडिलांना हे सगळे रिकामटेकडे उद्योग वाटत. आईने त्यांची समजूत घातली. (हा सीन आपल्याकडच्या कुठल्याही घरातला वाटावा.)

नवा कॅमेरा आला म्हणून फोटो येतातच असं नाही, हे त्यालाही भोगावं लागलं. दोन-तीन हिवाळे वाया गेले. सूक्ष्मदर्शक भात्याच्या कॅमेऱ्याला जोडला होता. मागे उभं राहून काचेवर प्रतिमा पाहायची, तर पुढे फोकसच्या चाकापर्यंत हात पोचेना. मग त्याने दोऱ्या आणि चाकं लावून मागूनच फोकस फिरवायची सोय केली. छिद्र अगदी बारीक केल्यावर कणाच्या रेषा स्पष्ट येऊ लागल्या, पण प्रकाश कमी, म्हणून पट्टी कितीतरी सेकंद उघडी ठेवावी लागे. घरामागची न तापवलेली खोली ही त्याची प्रयोगशाळा. काळ्या पाटीवर कण झेलायचे, त्यातला चांगला निवडून काडीने काचेवर घ्यायचा, पिसाने हलकेच दाबून बसवायचा आणि हे सगळं श्वास रोखून. १५ जानेवारी १८८५ ला पहिला फोटो जमला. तेव्हा त्याची विशी पुरी व्हायला तीन-चार आठवडे होते.

पुढे ४६ हिवाळे त्याने हेच केलं, त्याच कॅमेऱ्याने. पाच हजारांहून जास्त फोटो. लेन्स बदलण्याचे कॅटलॉग रात्री-रात्री चाळणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे जरा थांबून वाचावं.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. बेंटलीचे प्रसिद्ध फोटो काळ्याभोर पार्श्वभूमीवरचे आहेत. पण कण उजेडासमोर धरून काढलेला असल्यामुळे मूळ फोटोत मागची बाजू उजळच यायची. म्हणून तो निगेटिव्हची दुसरी प्रत करायचा आणि धारदार पात्याने कणाच्या कडेकडेने मसाला खरवडून टाकायचा. एकेका पट्टीला तासन् तास लागत. जर्मनीत हेलमन नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांच्यासाठी नॉयहाउस यांनी काढलेले हिमकणांचे फोटो १८९३ साली पुस्तकरूपाने आले होते, आणि त्यातले कण बरेचसे तुटके, वाकडे होते. बेंटलीचे कण इतके रेखीव कसे? कडा खरवडताना आकारच बदलतो, असा त्यांचा आक्षेप होता. बेंटलीचं म्हणणं असं की फोटो निसर्गाशी जास्तीत जास्त प्रामाणिक व्हावा म्हणून केलेली दुरुस्ती योग्यच आहे.

मला विचाराल तर खरवडण्याबद्दल बेंटली बरोबर होता. मूळ निगेटिव्ह त्याने जपून ठेवल्या होत्या, कुणीही ताडून पाहाव्यात. पण खरी निवड त्याआधीच, पाटीवर, व्हायची. शंभर कणांतला सुबक तेवढा काचेवर जायचा, बाकीचे फुंकरीने बाहेर. त्यामुळे ख्रिसमसच्या कार्डापासून स्वेटरपर्यंत सगळीकडे हिमकण म्हणजे सहा पाकळ्यांची नक्षी असंच आपण धरून चाललो. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळी करतात म्हणून सहा हे खरं, पण सहाही हात सारखे असणारे कण क्वचितच सापडतात.

१९३१ च्या अखेरीस हम्फ्रीज ह्या शास्त्रज्ञाबरोबर केलेलं त्याचं 'स्नो क्रिस्टल्स' हे पुस्तक निघालं, चोवीसशेहून जास्त फोटोंचं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूमोनियाने तो गेला. हे काम पाहून जपानमधले नाकाया उकिचिरो हिमकणांकडे वळले. त्यांनी १९३६ साली होक्काइडोत प्रयोगशाळेत, सशाच्या केसावर, कृत्रिम हिमकण वाढवला. आणि आपल्या वर्गवारीत वेडेवाकडे कणही घेतले.

आईला मी मग उरलेले एकोणचाळीस फोटोही पाठवले. म्हणाली, "हा गोल गोल आहे तो साबुदाण्यासारखा दिसतोय."