नकाशातून गायब झालेलं इंदापूर

गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात नीरा डाव्या कालव्यावर बोलायला गेलो होतो. १८८०च्या दशकातला हा कालवा पुरंदर, बारामती करत इंदापुरात संपतो. बारामतीत घरी स्लाइड्स दोनदा तपासल्या होत्या. इथे जुन्या लिनक्स लॅपटॉपला भिंतीतून आलेली व्हीजीए केबल लावली, तर पडदा निळाच. माझ्या साध्या सेटअपमध्ये दुसरा पडदा आपोआप सुरू होत नाही. घाईत एक्सरँडरची आज्ञा देऊन चित्र आणलं, तर नकाशाची उजवी बाजूच गायब. म्हणजे नेमका इंदापूर तालुका. "सर, आमची गावं कुठायत?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. टेलच्या गावांना पाणी शेवटी मिळतं हे ठाऊक होतं. आता पडद्यावरही तेच!

हे का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. व्हीजीए आलं १९८७ मध्ये, आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर. केबलमधून लाल, हिरवा, निळा आणि ताळमेळाचे संकेत जायचे. मॉनिटर स्वतःबद्दल जवळजवळ काहीच सांगत नसे. रंगीत आहे की एकरंगी, एवढंच दोन-चार पिनांवरून कळायचं. १९९२ च्या सुमारास लिनक्सवर एक्सफ्री८६ वापरणारे लोक मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतले आकडे हाताने फाईलमध्ये भरत. आकडा चुकला तर मॉनिटर खराब होऊ शकतो, अशी ताकीदही असायची.

१९९४ मध्ये व्हेसा संस्थेने ईडीआयडी आणलं. हा १२८ बाइटचा दाखला: कंपनीची तीन अक्षरं, कोणती रेझोल्यूशन झेपतात, अगदी बनल्याचं सालसुद्धा. (इतिहासवाल्याला आणखी काय हवं?) पण त्यासाठी नवं सॉकेट केलं नाही, जुन्याच १२ आणि १५ नंबरच्या पिना वापरल्या. गोम इथेच आहे. रंगांच्या तारा वेगळ्या, दाखल्याच्या वेगळ्या. त्यामुळे चित्र येतं, दाखला येत नाही, असं होऊ शकतं.

पुढे कीथ पॅकार्ड आणि जिम गेटिस यांनी २००१ मध्ये रँडआर मांडलं. २००७ च्या १.२ आवृत्तीपासून एक्स बंद न करता दुसरा पडदा जोडता येऊ लागला. २००९ च्या २.६.२९ कर्नलपासून, आधी इंटेलसाठी, पडद्याचा मोड ठरवणं कर्नलकडे गेलं. आज सिस फोल्डरातल्या क्लास, डीआरएम या वाटेने गेलात की प्रत्येक पोर्टच्या 'स्टेटस' आणि 'ईडीआयडी' अशा फायली मिळतात. वेलँडवर एक्सरँडरने पडदा बदलता येत नाही, पण या फायली तिथेही वाचता येतात.

माझ्याकडे स्टेटस होतं 'कनेक्टेड', आणि ईडीआयडी शून्य बाइट. दाखला नसला की कर्नल अंदाजाने १०२४ बाय ७६८ पर्यंतचेच मोड देतो. लॅपटॉप १३६६ बाय ७६८. दोन्ही चित्रं डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू, म्हणून उजवीकडचे ३४२ पिक्सेल प्रोजेक्टरवर मावेनात. खालची कड मात्र पूर्ण, कारण उंची सारखीच. हा पुरावा समोर असताना मी दहा मिनिटं ड्रायव्हरला दोष देत बसलो! शेवटी लॅपटॉपही १०२४ बाय ७६८ वर आणला, आणि इंदापूर दिसलं. अक्षरं जाडीभरडी, पण गावं वाचता येत होती.

ड्रायव्हर पुन्हा टाकणं हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. माझ्या मते तो शेवटचा. आधी केबल बदला, मग स्टेटस, मग ईडीआयडी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने जमलं ते कधीच कळत नाही.

व्याख्यान संपल्यावर माझी दीड मीटरची केबल थेट प्रोजेक्टरला लावली. १२८ बाइट लगेच आले, त्यात साल २०१३. भिंतीतल्या केबलला दाखला नसतो. तिचं वय शिपाईमामांनी सांगितलं. "ती होय? ती आधीच्या प्रोजेक्टरची. भिंत कोण फोडतंय म्हणून तशीच ठेवली."