दानाची नोंद : शिलालेखापासून पावतीपुस्तकापर्यंत

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम डोळ्यांसमोर उभे राहतात ते शिखर, कळस आणि सभामंडप. परंतु प्रत्येक मंदिराबरोबर आणखी एक वास्तू उभी राहत असते व ती कोणाच्या नजरेस पडत नाही. ती म्हणजे जमाखर्चाची वही. कोणी किती दिले, कशासाठी दिले, ते कोणी स्वीकारले आणि त्याचा विनियोग कसा झाला, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या वहीत सापडतात, त्या वहीच्या बळावर धर्मादाय संस्था पिढ्यान् पिढ्या टिकतात. ही वही नीट नसेल तर पाषाणाचे मंदिरही वादात सापडते, गावात दोन तट पडतात आणि पुढच्या पिढीत वर्गणी मागावयास कोणी धजत नाही.

हिशेब ठेवणे ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे, असा एक समज आढळतो. देवाच्या कामात कसला हिशेब, असेही काही भाविक म्हणतात. या दोन्ही समजुती महाराष्ट्राच्या इतिहासाला धरून नाहीत. दानाची चोख नोंद ही या भूमीतील फार जुनी रीत आहे.

नाशिकच्या लेण्यांतील जमाखर्च

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला लेणे दिले व त्याबरोबर ३,००० कार्षापणांची कायम ठेव दिली. लेखात तिला 'अक्षयनीवी' असा शब्द आहे. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती रोख दिली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे, अशी अट घातली.

आता हा हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण होतात. लेखात म्हटले आहे की लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. एक कार्षापण कमी नाही की जास्त नाही. दात्याने आधी खर्चाचा अंदाज काढला, त्यावरून मुद्दल ठरवले आणि मगच दान दिले, हे यावरून स्पष्ट दिसते.

याच लेखात आणखी एक महत्त्वाचे वाक्य आहे. हे सर्व दान निगमसभेत वाचून दाखवले व रीतीप्रमाणे दप्तरात नोंदवले, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे चारचौघांसमोर जाहीर वाचन, लेखी नोंद आणि शिवाय सर्वांना दिसेल असा दगडावरचा लेख, अशी तिहेरी व्यवस्था त्या काळी होती. ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवण्याची आणि देणगीदारांची नावे फलकावर लावण्याची आपली रीत याहून निराळी नाही.

पंढरपूरचा शिलालेख आणि शापाचे दगड

वारकऱ्यांना परिचित असे दुसरे उदाहरण पंढरपुरातील आहे. श्रीविठ्ठल मंदिरात 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' या नावाने ओळखला जाणारा लेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत मंदिराच्या कामी भक्तांनी दिलेल्या देणग्यांच्या नोंदी त्यात आहेत. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव आणि त्याचा मंत्री हेमाद्री पंडित यांची नावे त्यात येतात. या लेखाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी लोकसमजूत पुढे रूढ झाली. म्हणजे वारकरी श्रद्धेने ज्या दगडाला पाठ लावीत आले, तो एका अर्थाने देणगीदारांची यादीच आहे. चार-पाच वर्षे टप्प्याटप्प्याने दान येत राहिले आणि त्याच शिळेवर नोंद होत राहिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

नोंद झाली तरी दानाचे रक्षण कसे करावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्या काळी लेखापरीक्षक नव्हते. त्यांच्या जागी शाप होता. शिलाहार आणि यादव काळातील 'गधेगाळ' नावाचे दगड कोकणात व देशावर अनेक गावांच्या शिवारात आजही आढळतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढवाचे अभद्र चित्र, अशी त्यांची ठेवण असते. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालावे आणि जो ते मोडील त्याला ही गाळी, असा त्याचा अर्थ. शाप कितीही कडक असला तरी त्याने देवाच्या जमिनी पूर्णपणे सुरक्षित राहिल्या नाहीत. पुढील काळात शापापेक्षा कागद अधिक उपयोगी पडला.

सनद आणि देवस्थान इनाम

मराठेशाहीत मंदिरांच्या दिवाबत्तीसाठी, नैवेद्यासाठी व उत्सवासाठी जमिनी इनाम दिल्या गेल्या. प्रत्येक इनामाची सनद असे आणि सरकारी दप्तरात तिची नोंद असे. कारकुनांच्या मोडी लिपीतील रोजकीर्द आणि खतावणी ही त्या काळच्या कारभाराची दोन अंगे होती. आजच्या संस्थांनी हे शब्द अजून टाकलेले नाहीत.

इंग्रजी अमलात या सनदांची मोठी परीक्षा झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशन नेमले गेले व मुंबई इलाख्यातील बिनसाऱ्याच्या जमिनींचे हक्क कागदोपत्री तपासण्यात आले. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट एवढेच सांगून भागेना. कागद दाखवावा लागे. या तपासणीने लिखित पुराव्याचे मोल लोकांना चांगलेच पटवून दिले.

देवस्थान इनामाबाबत एक गैरसमज आजही गावोगावी भांडणे लावतो. वहिवाट करणारा पुजारी अथवा गुरव स्वतःला जमिनीचा मालक समजू लागतो. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले की मंदिराच्या जमिनीची मालक देवता असते, पुजारी केवळ व्यवस्था पाहणारा असतो. जे जमिनीचे, तेच दानपेटीतील पैशाचे. विश्वस्त हा मालक नव्हे, तो राखणदार होय.

पैसा फंड आणि मूठभर धान्य

राजे-सरदारांच्या दानाची नोंद ठेवणे सोपे असते. रक्कम मोठी आणि दाता एकच. खरी कसोटी लागते ती हजारो लोकांकडून थोडे थोडे येते तेव्हा. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा जमवून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली व गावोगाव फिरून तिचा प्रसार केला. लोकमान्य टिळकांनी या 'पैसा फंडा'ला पाठबळ दिले. त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. एका पैशात कारखान्याची एक वीटही येत नाही. परंतु सर्व पैसे एका ठिकाणी पोहोचले आणि ठरल्या कामी लागले, म्हणून भट्टी पेटली.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात राहत होती व त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. त्यातून 'मुष्टिफंड' निघाला. घरोघरच्या स्त्रियांनी दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते संस्थेसाठी गोळा करावे, अशी ही योजना. वसतिगृहाची चूल पेटती ठेवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, हे सर्वश्रुत आहे.

मुष्टिफंडाने एक अवघड प्रश्न पुढे आणला. मूठभर जोंधळ्याची पावती कशी फाडावयाची? ज्या माउलीने वर्षभर रोज एकेक मूठ टाकली, तिचे दान सालअखेर मोठे होते. परंतु पाटीवर नाव लागते ते एकरकमी देणाऱ्याचे. गावच्या जीर्णोद्धारातही हेच घडते. कोणी आठ दिवस वाळू वाहतो, कोणी बैलगाडी देतो, कोणी गवंड्यांना जेवण घालते. पैशाची पावती निघते, घामाची निघत नाही. यावर उपाय एकच, व तो अगदी साधा आहे. वस्तू आणि श्रमदान यांची वेगळी नोंदवही ठेवावी. तारीख, नाव, काय दिले अथवा किती दिवस काम केले, एवढे चार रकाने पुरेत. किंमत लावता आली नाही तरी नाव राहते.

धर्मादाय कायदा

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला. मंदिर असो, मशीद असो, चर्च असो वा शिक्षणसंस्था असो, सर्व सार्वजनिक न्यासांना नोंदणी आवश्यक झाली व धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय अस्तित्वात आले. हिंदू मंदिरांच्या नोंदणी क्रमांकाआधी 'ए' हे अक्षर येते. २०१२ साली या कायद्याचे नाव बदलून 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था' असे झाले.

या कायद्याची मुख्य सूत्रे सामान्य माणसालाही समजण्याजोगी आहेत. संस्थेचे हिशेब नियमित लिहिले पाहिजेत व ते दरवर्षी तपासून घेतले पाहिजेत. विश्वस्त बदलले की बदल अर्ज देऊन तशी नोंद करून घेतली पाहिजे. स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल वा बक्षीस परवानगीवाचून करता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यासही परवानगी लागते. अनेक गावी मंदिर उत्तम स्थितीत असते, परंतु नोंदीत अजून दोन पिढ्यांपूर्वीचे दिवंगत विश्वस्त चालू असतात. मग बँकेत खाते निघत नाही, अनुदान अडते आणि चांगली कामे रखडतात.

विठ्ठल मंदिराच्या कारभाराचा वाद तर सर्व महाराष्ट्राने पाहिला. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने तेथील वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले. १९८५ पासून समितीकडे कारभार आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागण्यास जानेवारी २०१४ उजाडले. कायदा झाल्यापासून निकालापर्यंत ४० वर्षे गेली. देवापुढे आलेले दान कोणाचे, हा प्रश्न वेळीच लेखी स्वरूपात सुटला नाही तर किती काळ जातो, याचे याहून मोठे उदाहरण नाही.

देणगीचा प्रवास

नाशिकच्या लेखापासून आजवरचा अनुभव एकत्र केला तर देणगीच्या व्यवस्थेचे काही नियम सहज हाती लागतात. पावतीपुस्तके छापील क्रमांकाची असावीत. कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद ठेवावी व काम संपल्यावर कोऱ्या पावत्यांसह ते परत घ्यावे. पावती चुकली तर ती फाडून टाकू नये, दोन्ही प्रती 'रद्द' असा शेरा मारून पुस्तकातच ठेवाव्यात. आलेली रोकड शक्य तितक्या लवकर बँकेत भरावी व आलेल्या रकमेतून परस्पर खर्च करू नये. कारण परस्पर केलेला खर्च प्रामाणिक असला तरी तो सिद्ध करता येत नाही. पैसे काढण्यास दोन सह्या असाव्यात. दानपेटी पंचांसमक्ष उघडावी, मोजणीचा कागद तेथेच लिहावा आणि उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. कळसासाठी आलेली रक्कम कळसालाच लागावी आणि कायम ठेवीसाठी दिलेली रक्कम चालू खर्चात मिसळू नये. उषवदाताने घातलेली अट तीच होती.

काळाबरोबर साधने बदलली. २०१६ साली यूपीआय आले व पुढे दानपेटीशेजारी चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर फलक दिसू लागला. मुंबई-पुण्यास नोकरीस असलेला गावकरी जागेवरून वर्गणी पाठवू लागला. परंतु खात्यावर आलेल्या रकमेबरोबर दात्याचा हेतू येत नाही. ती अन्नदानासाठी की बांधकामासाठी, हे विचारून पावती पाठवावीच लागते. तो फलक संस्थेच्या खात्याचा आहे, कोणा व्यक्तीच्या नव्हे, हेही पाहावे लागते. आयकराच्या बाबतीतही नियम कडक होत गेले. सवलतीस पात्र असलेल्या संस्थेला दिलेली २,००० रुपयांवरील रोख देणगी २०१७ पासून करसवलतीस अपात्र ठरली. रोखीपेक्षा लेखी मार्गाने देण्याकडे कायद्याचा कल त्यातून दिसतो.

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे गावात अनेकदा मानले जाते. त्यामुळे विचारणारा गप्प बसतो आणि कुजबुज वाढते. वास्तविक चोख हिशेबाचा पहिला लाभ प्रामाणिक कार्यकर्त्यालाच होतो. ज्याने स्वतःचा कामधंदा बुडवून दारोदार वर्गणी मागितली, त्याच्यावर उद्या कोणी बोट दाखवले तर त्याच्या बाजूने बोलणारी एकच साक्षीदार असते, ती म्हणजे वही. माणसे पांगतात, समित्या बदलतात, साक्षीचे पंचही काळाच्या ओघात निघून जातात. वही तेवढी राहते.

म्हणून जीर्णोद्धार पूर्ण झाल्यावर देवालयाच्या किल्ल्यांबरोबर पावत्यांच्या स्थळप्रती, कीर्द-खतावणी, तपासणी अहवाल व श्रमदानाची नोंदवही हेही सर्व बांधून पुढील विश्वस्तांच्या हवाली व्हावे. या स्मरणिकेत ज्यांची नावे आली ते दाते धन्य होत. ज्यांची मूठ, ज्यांचा घाम आणि ज्यांचे नाव कोणत्याही यादीत येऊ शकले नाही, तेही तितकेच धन्य होत. पुढील जीर्णोद्धाराच्या वेळी गावाला वर्गणी मागताना कोणाची मान खाली जाऊ नये, हेच या पिढीच्या चोख कारभाराचे फळ ठरो.