करकरणारी तक्तपोशी

माळव्यात आणि ग्वाल्हेरीस मराठी मंडळी स्थिरावली ती मुळात छावणीच्या आश्रयाने. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळ तळ दिला, त्याचेच पुढे लष्कर शहर झाले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी ठरले. तंबूंच्या जागी वाडे आले. देशावरची रचनाच तेथे उतरली: दगडी जोते, लाकडी खांब, वर तुळया, कड्या आणि फळ्यांची तक्तपोशी. इंदूरच्या राजवाड्याच्या सात मजल्यांपैकीही खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी.

लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. या हालचालीने खिळे सैल होतात, फळी कडीवर घासते आणि माडी करकरू लागते. त्यावर उपाय साधा आहे. खालून, कडी व फळी यांच्या फटीत पातळ पाचर हलक्या हाताने बसवावी. जोराने ठोकल्यास फळीच उचलली जाते. सैल खिळ्याशेजारी स्क्रू पिळावा. वर मातीचा थर नसेल तर सांध्यांत शंखजिऱ्याची पूड भरावी. तुळईच वाळवीने पोखरली असेल, तर मात्र आधी टेकू द्यावा आणि जाणकारास बोलवावे.

करकर म्हणजे जीर्णता, असे समजून आपल्यापैकी अनेकांनी वाडे मोडीत काढले. १९८४ च्या आगीत राजवाड्याचा लाकडी भाग जळाला, त्याची हळहळ आम्हांस अजून आहे. पण घरोघरची तक्तपोशी आगीवाचूनच नाहीशी होत आहे. चार पाचरींनी जी माडी उभी राहील, ती पाडण्याची घाई आपण करू नये, असे आम्हांस वाटते.