डोहाच्या तळाची जबानी

आषाढात मुळामुठेचे पाणी गढूळले म्हणजे वीतभर खोलीवरचेही दिसेनासे होते, आणि चैत्रात पात्र आटून खडक उघडे पडले तरी डोहांचा तळ काळोखातच राहतो. त्या काळोखात डोळ्यांवर नव्हे तर मिशांच्या स्पर्शावर भिस्त ठेवून वावरणाऱ्या माशांची शास्त्राच्या दप्तरी पहिली नोंद व्हावी, याला कारण झाले ते मात्र महसुली कारभाराचे कुतूहल.

पेशवाई बुडून सहा वर्षे लोटली असता, १८२४ मध्ये, गव्हर्नर एल्फिन्स्टन याने विल्यम हेन्री साइक्स नामक लष्करी अंमलदारास दख्खनच्या सांख्यिकीच्या कामी नेमले. जमीन, पिके, वस्ती, हवामान यांची माहिती जमविता जमविता हा गृहस्थ पशुपक्ष्यांकडे आणि अखेर नद्यांतील माशांकडे वळला. दख्खनच्या मत्स्यांवरील त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे वाचला गेला.

परंतु साहेबाच्या दुर्बिणीला पक्षी दिसला तरी डोहाचा तळ दिसणे शक्य नव्हते. वरच्या पाण्यातला मासा साध्या जाळ्यातही येतो. तळाचा मासा कपारीत दडतो, दगडाला पोट चिकटवून बसतो, आणि त्याला वर काढावयाचे तर शिशाने जड केलेले जाळे किंवा रात्रभर पाण्यात सोडलेला गळ, आणि त्याहून अधिक म्हणजे कोणत्या डोहात काय दडले आहे याचे पिढीजात ज्ञान लागते. हे ज्ञान नदीकाठच्या भोयांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचे, होते, आणि त्याची साक्ष त्या निबंधातील नावेच देतात: शिंगाळ्याचा ‘सीनघाला’, शिंगटीचा ‘सींगटी’, खरप्याचा ‘कुरपाह’ अशी मराठी नावे लॅटिनचा अंगरखा घालून तेथे उभी आहेत.

एक अपवाद मात्र बलाढ्य माशाचा. पुण्याजवळच्या मुळामुठेत मिळालेल्या, चपट्या डोक्याच्या आणि पुरुषभर लांबीपर्यंत वाढणाऱ्या या तळवासी माशाला साइक्सने विल्यम यॅरेल याचे नाव दिले. यॅरेल हा लंडनचा वृत्तपत्रविक्रेता. ब्रिटिश माशांवरील ग्रंथामुळे प्रख्यात झालेला. ज्याने मुठेचा डोह पाहिला नाही, त्याचे नाव डोहातल्या सर्वांत मोठ्या रहिवाशास मिळाले. आणि ज्यांनी तो गळाला लावून काठावर ओढला असेल, त्या भोयांचे नाव दप्तरात कोठेच नाही. शिंगाळ्याला हाक मारताना जगातले शास्त्रज्ञ अद्याप त्यांचाच शब्द उच्चारतात, एवढीच काय ती त्यांची नोंद.